ॲग्रीमेंटमध्ये धुळीचं एक पान तरी घाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की तुमच्या पेपरात हवेची बातमी येते आणि तिच्याबरोबर दरवर्षी तोच फोटो, धुरकट वरळी, मागे अर्धवट दिसणाऱ्या बिल्डिंगा आणि कोपऱ्यात एक्यूआयचा आकडा. बातमी बरोबर असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो फोटो फार लांबून काढलेला असतो. मी जे रोज सकाळी बघतो ते चाळीस-पन्नास फुटांवरून बघतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त रिडेव्हलपमेंटच्या वेळी सोसायटी बिल्डरबरोबर करते त्या ॲग्रीमेंटचा भाग तेवढा ठेवा.

मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहतो, हायवेच्या खाडीकडच्या अंगाला. म्हाडाची जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, माझे गुडघे दोन्ही गेलेले, त्यामुळे रिडेव्हलपमेंट लवकर व्हावी असं मलाही वाटतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सुरू होईल की काका काम अडवतात. कॉलनीत सध्या जिकडे बघाल तिकडे पत्रे लागलेत, पत्र्यांवर टॉवरची चित्रं, आणि चित्रात इतकी झाडं की विचारू नका. समोरच्या सोसायटीचंही काम चालू आहे आणि तिचं गेट आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सरळ दिसतं. मी ३१ वर्षं साइट सुपरवायझर होतो, रिटायर झालो तरी खोड जात नाही, चहा घेऊन गॅलरीत बसलो की डोळे आपोआप गेटवर.

तर त्या गेटवर व्हील वॉश आहे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुवायची सोय. म्हणजे नेमकं काय आहे ते सांगतो. गेटच्या आतल्या बाजूला काँक्रीटचा उतार, मध्ये खोलगट, त्यात लोखंडी अँगल आडवे टाकलेले, दोन्ही बाजूंना पाइप आणि नोझल, एक मोटर, आणि वर मोठ्ठा बोर्ड. कागदावर सगळं नियमात. एक दिवस मी मुद्दाम वही घेऊन बसलो. सकाळी सात ते अकरा, मातीचे डंपर आणि मिक्सर धरून २३ गाड्या बाहेर पडल्या आणि एकाही गाडीचं चाक धुतलं गेलं नाही. खोलगट भागात पाणीच नव्हतं, वाळत आलेला चिखल होता, त्यामुळे एखादा टायर आतून थोडाफार स्वच्छ आलाच असेल तर तोसुद्धा इथून माती घेऊन बाहेर जात होता. खाली उतरून वॉचमनला विचारलं तर बिचारा खरं बोलला, "मोटर का वायर ऊपर ले गए अंकल, सेंटरिंग में लाइट लगाना था." मी हसलो. मी त्याच्या जागी असतो, म्हणजे वरच्या सुपरवायझरच्या जागी, तर मीही तीच वायर काढली असती, स्लॅब भरायचा असला की व्हील वॉशची मोटर कोणाला आठवते. मधून मधून एक जण येऊन फोटो काढतो त्या दिवशी मात्र वायर परत जोडली जाते, एक डंपर उभा करतात, पाणी मारतात, फोटो निघतो, वायर पुन्हा वर.

आता ती टायरची माती जाते कुठे. गेटपासून नाक्यापर्यंत रस्त्यावर दोन चॉकलेटी पट्टे पडतात, सकाळी ओले असतात तोपर्यंत काही नाही. दुपारी दोनपर्यंत ते सुकतात आणि मग बस, रिक्षा, शाळेच्या गाड्या त्याच्यावरून जाऊन जाऊन त्याचं पीठ करतात. धूळ साइटवर तयार होते पण ती दळली जाते रस्त्यावर, आणि हे दळण दिवसभर चालू असतं. मोठे कण खाली बसतात, आमच्या तुळशीच्या पानांवर आणि ओट्यावर, आमच्या हिने संध्याकाळी फडकं पिळलं की पाणी राखाडी निघतं. जे बसत नाहीत ते आपण घेतो. सरकारी मानकाप्रमाणे पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतची धूळ चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे आणि त्याहून बारीक पीएम २.५ ही ६० च्या आत. आकडे पाठ झालेत कारण नातवाच्या प्रोजेक्टला मीच लिहून दिले होते.

नियम नाहीत असं कोणी म्हणू नये. २५ ऑक्टोबर २०२३ ला महापालिकेने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती मी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून वाचली, पेन घेऊन वाचली. ७० मीटरपेक्षा उंच बिल्डिंग असेल तर चहूबाजूंनी किमान ३५ फुटांचे पत्रे, एक एकरपेक्षा लहान प्लॉट असेल तर २५ फूट. बांधकामाला हिरवं कापड नाहीतर गोणपाट. तोडकाम चालू असताना सतत पाणी. चढवता-उतरवताना पाण्याचा फवारा. कापणं-घासणं बंदिस्त जागेत. गाडी वरपर्यंत भरायची नाही, ताडपत्री पाहिजे, बाहेर पडताना चाकं धुवायची, आणि ती धुतली का हे बघायला सीसीटीव्ही. हवा मोजायचे सेन्सर साइटवरच लावायचे. खरं सांगतो, ज्याने हे लिहिलं त्याला साइट माहीत आहे, वायफळ काही नाही. त्याच सुमारास हायकोर्टाने स्वतःहून हा विषय हातात घेतला होता आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये काही दिवस राडारोड्याच्या गाड्याच बंद केल्या होत्या. पुढे ३० डिसेंबर २०२४ ला महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवायला सांगितली, कारण तिथला एक्यूआय २०० च्या वर गेला होता.

त्या दिवशी आमच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मला नाही वाजवाव्याशा वाटल्या. काम बंद म्हणजे नाक्यावरच्या माणसाची हजेरी बंद, बिल्डरचा फक्त शेड्यूल हलतो. आणि काम परत सुरू झालं की वायर परत वर जाणार नाही याची गॅरंटी कोण देणार? बंदी हा ताप उतरवायचा डोस आहे, मला ते नको असं नाही, दिल्लीसारखी अवस्था झाली तर लागेलच, पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. नियम इतके नीट लिहिलेले असून साइटवरचा माणूस ते का पाळत नाही? तो काही वाईट माणूस नाही. मीच होतो तो.

लिहायला लाज वाटते पण लिहितो. एका साइटवर, वीस वर्षं झाली असतील, काँक्रीट भरून झालं की सहा क्यूबचा मिक्सर धुवायला ड्रायव्हर मला विचारायचा, "साहब, कहाँ मारूँ?" आणि मी हाताने दाखवायचो, तिकडे कोपऱ्यात. कोपऱ्यात पावसाळी गटाराची जाळी होती. ड्रममध्ये शेवटी जे उरतं ते नुसतं गढूळ पाणी नसतं, त्यात सिमेंट असतं, वाळू असते, बारीक खडी असते, आणि सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, त्याला सुकायला लागत नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तरी मी दाखवायचो, कारण दुसरी जागा साइटवर ठेवलेलीच नव्हती आणि ड्रायव्हरला पुढची फेरी पकडायची असायची.

ते आता माझ्याच दारात आलंय. गेल्या जुलैत आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. फार पाऊसही नव्हता, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हासुद्धा आमच्या या बाजूला इतकं लवकर चढलं नव्हतं. तळमजल्यावरच्या वहिनी गहू-तांदळाचे डबे पलंगावर चढवत होत्या. प्लंबरला बोलावला, त्याने चेंबरचं झाकण उघडलं, बांबू घातला तर टक्क आवाज आला. माती असेल तर बांबू रुततो, हा वाजला. आत पाइपच्या तोंडाशी अर्धा फूट जाडीचा सिमेंटचा थर, गुळगुळीत, भाकरी थापल्यासारखा. प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन दोन तास आत वाकून बसला होता आणि मी वर छत्री धरून उभा. त्याला कळत नव्हतं की हे आलं कुठून. मला बघितल्या बघितल्या कळलं होतं. ३१ मेच्या आत नालेसफाई झाली की नाही यावर आपण दरवर्षी भांडतो, पण पोकलेनने नाल्यातला गाळ निघतो, नऊ इंची पाइपात बसलेलं काँक्रीट निघत नाही.

तक्रार केली का असं विचाराल. केली. नंबर मिळाला, मेसेज आला, आठ दिवसांनी दुसरा मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. कुठलं ऑफिस वगैरे लिहीत नाही, तिथल्या मुलाकडे अजून कितीतरी साइट आहेत आणि एक बाइक आहे.

आता मुद्द्यावर येतो. बांधकामात कुठलीही गोष्ट होते की नाही हे एकाच कागदावर ठरतं, त्याला बीओक्यू म्हणतात, कामाची यादी आणि पुढे रेट. काँक्रीट घनमीटरला अमुक, सळई टनाला तमुक, शटरिंग चौरस मीटरला, खोदकाम घनमीटरला आणि माती किती लांब टाकायची त्याचा वेगळा हिशोब. साधी दाराची कडी सुद्धा त्यात नगाप्रमाणे असते. धूळ, चिखल, गटार, राडारोडा यांचं काय असतं? शेवटच्या पानावर एक ओळ, की वरचे रेट सर्व पर्यावरणीय नियम पाळणे धरून आहेत. धरून! म्हणजे व्हील वॉशला दिवसाला एक माणूस ठेवला तर त्याची हजेरी काँट्रॅक्टरच्या खिशातून, टँकर मागवला तर खिशातून. मग मेन काँट्रॅक्टर ते पेटी काँट्रॅक्टरच्या गळ्यात टाकतो, पेटीवाला मुकादमाच्या, आणि मुकादम एका पोराला सांगतो, जा रे थोडं पाणी मार. तो पोरगा भसाभसा पाइप सोडतो, धूळ बसते, चिखल होतो, आणि तो चिखल टायरला लागून परत रस्त्यावर. धुळीला बारीक फवारा लागतो, पाणी नाही, एवढंही त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ज्या कामाचं बिल निघत नाही ते काम साइटवर होत नाही, ३१ वर्षांत मी एकदाही ते होताना बघितलेलं नाही.

हे पैसे यादीत आणायचे कोणी? बिल्डर स्वतःहून कशाला आणेल. इथे आम्ही येतो, म्हणजे सोसायटीवाले. रिडेव्हलपमेंटमध्ये लोक विसरतात की काम आपल्या सोसायटीच्या नावाने चाललंय, सहकार कायद्याच्या ७९अ कलमाच्या प्रोसिजरने आपणच पीएमसी, म्हणजे कामावर देखरेख करणारा सल्लागार, नेमतो, आपणच टेंडर काढतो, आपणच बिल्डर निवडतो आणि सही आपण करतो. सही करायच्या आधी जेवढं मिळवता येतं तेवढं नंतर कोर्टात जाऊनही मिळत नाही, हे लोकांना माहीत आहे, म्हणून तर कार्पेट एरियासाठी रात्री एकपर्यंत मीटिंगा चालतात. कॉर्पस किती, भाडं किती, दर वर्षी किती टक्के वाढ, ब्रोकरेज, शिफ्टिंगचे, पार्किंग खाली का वर. आमच्याकडे टाइल दोन बाय दोन की दोन बाय चार यावर पाऊण तास भांडण झालं आणि गीझर कुठल्या कंपनीचा यावर दोघं अजून बोलत नाहीत. ड्राफ्ट ॲग्रीमेंट ८६ पानांचं आहे. मी सगळं वाचलं. धूळ हा शब्द त्यात एकदाही नाही. राडारोडा एकदा आहे, तोही असा की जुन्या बिल्डिंगच्या भंगारावर विकासकाचा हक्क राहील. सळई, ग्रिल, सागवानी दारं यांच्यावर हक्क सांगायला एक कलम आणि जे विकलं जात नाही त्या विटा-काँक्रीटबद्दल अवाक्षर नाही.

यावर कोणी म्हणेल की कायदा आहेच की. आहे, पण बघा तो कोणापर्यंत पोचतो. आधीच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर राडारोडा काढणाऱ्याने आधी त्याचा प्लॅन द्यायचा असं होतं. केंद्राने २०२५ मध्ये नवे नियम आणले, १ एप्रिल २०२६ पासून, त्यात राडारोड्यावर प्रक्रिया करायची जबाबदारी थेट तो निर्माण करणाऱ्यावर टाकली, चांगली गोष्ट आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला. पर्यावरण मंजुरीलाही २००६ पासून हाच २०,००० चा आकडा. आमच्यासारखी एकटी-दुकटी सोसायटी कितीदा याच्या खालीच बसते. आणि अशा दहा लहान साइट एका गल्लीत एकदम चालू असल्या तरी प्रत्येकाची फाइल लहानच. मुंबईत आज हेच चाललंय, विक्रोळीत, चेंबूरच्या टिळक नगरात, घाटकोपरच्या पंतनगरात, पार्ल्यात. म्हणून म्हणतो, एक पान.

त्या पानावर काय असावं हे मी माझ्या अक्कलेने लिहून काढलंय. पहिलं म्हणजे तोडकामाच्या आधीचं. आमच्या गच्चीवर शेड आहे, तिचे जुने सिमेंटचे पत्रे आहेत आणि असल्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. तो तंतू फुफ्फुसात गेला की कॅन्सरचं कारण होतो, जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसबद्दल हे सांगून ठेवलंय. पण तोडणारे काय करतात, वर चढून घणाने फोडतात, कारण फोडलेला पत्रा उतरवायला सोपा. समोर मी स्वतः बघितलं, कोरडे पत्रे, धडाधड, आणि खाली मुलं क्रिकेट खेळत होती. ते पत्रे ओले करून, नटबोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे आणि गुंडाळून वेगळे न्यायचे. याला दोन दिवस जास्त लागतील. लागू देत.

मग पाणी. पाया खोदला की आमच्या इथे खाडी जवळ असल्यामुळे पाणी लागतंच, ते रात्रंदिवस पंप लावून गटारात सोडतात, गढूळच्या गढूळ. त्याऐवजी तीन कप्प्यांची टाकी बांधायची, पहिल्यात जड माती बसते, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यातून बऱ्यापैकी निवळ पाणी मिळतं. तेच पाणी व्हील वॉशला आणि फवाऱ्याला, पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवायची गरज नाही. मिक्सर धुवायला वेगळा खड्डा, प्लास्टिक अंथरलेला, त्यात जे घट्ट होईल ते फोडून भरावाला वापरायचं. यात रॉकेट सायन्स काही नाही, मी नंतरच्या एका साइटवर केलेलं आहे, तिथला इंजिनिअर खमक्या होता म्हणून. आणि लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढायचं. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टेफेन्सी असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

राडारोडा जातो कुठे हे लिहून घ्यायचं, गाडी नंबरसकट. महापालिकेने प्रक्रियेचे दोन प्लांट उभे केलेत, एक शिळफाट्याकडे डायघरला आणि एक दहिसरच्या कोकणीपाड्याला, प्रत्येकी रोजची क्षमता ६०० टन. तिथे काँक्रीट फोडून खडी करतात, वाळू करतात, पेव्हर ब्लॉक करतात. म्हणजे जागा आहे. प्लांटची वजनाची पावती सोसायटीकडे आली तरच त्या गाडीचे पैसे, असं एक वाक्य पुरेसं आहे. पावती नाही म्हणजे गाडी कुठे गेली हे आम्हाला विचारू नका, आमच्या मागच्या बाजूला चालत या आणि बघा. रात्री दोन-अडीचला फाळका आपटल्याचा आवाज येतो, सकाळी कांदळवनाच्या कडेला नवा ढीग, त्यात कोणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स, देव्हाऱ्याचा संगमरवर. पलीकडे ठाणे खाडी, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि आपण बायनॉक्युलर घेऊन बघायला जातो.

कामगारांचा मुद्दा मी पानावर घातला तेव्हा आमच्या कमिटीतले एक जण म्हणाले, काका हे आपलं काम नाही. कसं नाही? समोर तळमजल्यावर एक पोरगा कडप्पा कापतो, अठरा-एकोणीसचा असेल. कोरडा कापतो. मशीनला पाण्याची नळी लावायची सोय असते, पण नळी नाही. संध्याकाळी तो टपरीवर चहाला येतो तेव्हा त्याच्या पापण्या, भुवया, कानातले केस सगळं पांढरं, मी एकदा आजोबासारखा दिसतोस म्हणालो तर हसला आणि खोकला. त्या पांढऱ्या धुळीत दगडातली सिलिकाही असते, ती वर्षानुवर्षं आत गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो आणि झालेला बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या गमछाने ती अडत नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, तेव्हापासून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस भरला जातो, पण तो सेस त्याच्या मशीनला नळी लावायला येणार नाही. नळीला शंभर-दोनशे रुपये लागतात. तसंच रात्री हीच माणसं पत्र्याच्या खोल्यांबाहेर शटरिंगच्या प्लायचे तुकडे जाळून पाणी तापवतात, त्याला डिंक-रंग लागलेला, तो काळा धूर आमच्याच गॅलरीत येतो आणि मग वरून बायका ओरडतात. ओरडून काय होणार, त्यांना गॅस द्या. हे पण एका ओळीचं कलम आहे.

राहिले पैसे. आर्किटेक्टनी आणि पीएमसीने बसून या सगळ्याचा रेट काढावा, बीओक्यूमध्ये वेगळं पान करावं, आणि बँक गॅरंटी जशी आपण फ्लॅटसाठी घेतो तशीच एक लहान रक्कम बाजूला ठेवावी, जी दर महिन्याला सोसायटीचे दोन आणि शेजारच्या सोसायटीचा एक असे तिघांनी साइट बघून सही केल्यावरच सुटेल. शेजारचा एक मुद्दाम म्हटलंय, कारण आम्ही तर त्या काळात भाड्याने ठाण्या-ऐरोलीला गेलेलो असू, धूळ खाणार शेजारी. आता समोरची सोसायटी तिकडे भाड्याने राहते आणि त्यांची धूळ मी खातोय, त्यांना माझ्या चेंबरचं काही माहीतही नाही. आणि सेन्सरचा जो आकडा आहे तो साइट ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर नको, गेटबाहेर, रस्त्याकडे तोंड करून, भाजीवालीला वाचता येईल एवढ्या अक्षरात.

खर्च वाढेल का? वाढेल. माझ्या अंदाजाने फार नाही, गीझरच्या भांडणात जेवढे अडकलेत तेवढ्यात बरंच बसेल, पण अंदाज तो अंदाज, म्हणून रेट काढा म्हणतोय. कोणी म्हणालं बिल्डर पळून जाईल. व्हील वॉशला घाबरून पळणारा बिल्डर आपली बिल्डिंग तरी पुरी करेल का, हे मला कमिटीला विचारायचंय.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमची जनरल बॉडी आहे. पान टाइप करून घेतलंय, मराठीत, ४० झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या दाराखालून सरकवल्यात, तळमजल्यावरच्या वहिनींनी तर फ्रिजला चिकटवलंय. सेक्रेटरी म्हणाले, "काका, घेतो ना, अजेंड्यावर सगळ्यात शेवटी ठेवतो." शेवटी म्हणजे चहा आणि बटाटेवडे झाल्यावर, तोपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात. मी त्यांना सांगून आलोय, वड्यांच्या आधी ठेवा.

आपला नम्र,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई